स्वयंचलित कॅलिब्रेशन करताना सबवूफरची पातळी कशी ठरवावी

डेनॉन किंवा मॅरँट्झचा एव्ही रिसीव्हर, म्हणजे चित्रपटाचा आवाज सगळ्या स्पीकरांना पुरवणारे यंत्र, विकत घेतला, की त्याच्या खोक्यात मनोऱ्याच्या आकाराचा एक छोटा मायक्रोफोन मिळतो. तो रिसीव्हरला जोडताच पडद्यावर ऑडिसी या स्वयंचलित जुळवणी प्रणालीची मोजणी सुरू होते, प्रत्येक स्पीकरमधून सरसर वर चढत जाणारे छोटे सूर वाजतात, आणि काही मिनिटांनी रिसीव्हर जाहीर करतो की सगळे जुळवून झाले. इतर स्पीकरांपुरते हे बहुतांशी खरे असते. सबवूफरपुरते, म्हणजे फक्त खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरपुरते, मात्र ते अर्धेच खरे असते, कारण घरगुती सबवूफरला बहुधा स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो, त्याच्या पाठीवर आवाजाचा स्वतःचा नॉब असतो, आणि त्या नॉबपर्यंत रिसीव्हरचा हात पोचत नाही. तो नॉब कुठे ठेवायचा हे माणसालाच ठरवावे लागते, आणि तेही मोजणीच्या आधी. नव्याने होम थिएटर जमवणाऱ्यांच्या बासबद्दलच्या तक्रारींचे मूळ माझ्या मते बहुतेक वेळा इथेच असते: नॉब अंदाजाने ठेवून मोजणी केलेली असते, आणि मग मोजणीलाच दोष दिला जातो.

या लेखात ऑडिसी असलेला रिसीव्हर, एक किंवा दोन सबवूफर आणि सदनिकेतला साधारण आकाराचा हॉल गृहीत धरला आहे. यामाहाची वायपीएओ किंवा काही कंपन्यांच्या रिसीव्हरांत मिळणारी डिराक लाइव्ह या प्रणालींचे पडदे वेगळे दिसतात, पण पातळीमागचा विचार तोच असतो. जिथे महत्त्वाचा फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

पातळी दोन ठिकाणी ठरते

सबवूफरच्या पाठीवरच्या नॉबला आपण गेन म्हणू. रिसीव्हरच्या स्पीकर लेव्हलच्या यादीत सबवूफरसमोर जो आकडा दिसतो, त्याला ट्रिम म्हणू. रिसीव्हर चाचणीचा सूर वाजवतो, तो तुमच्या बसण्याच्या जागी किती डेसिबल भरतो हे मायक्रोफोनने ऐकतो, आणि सगळे स्पीकर एका समान पातळीवर यावेत म्हणून प्रत्येकाचा ट्रिम कमी-जास्त करतो. घरगुती उपकरणांत ही समान पातळी ७५ डेसिबल धरलेली असते. चित्रपटगृहांत ती ८५ असते, पण घरी तेवढ्या जोराने चाचणी करणे कोणालाच सोसत नाही, म्हणून चाचणीचा सूरच दहा डेसिबलने हळू केलेला असतो.

अडचण अशी की ट्रिमला मर्यादा आहे. डेनॉन आणि मॅरँट्झमध्ये तो उणे १२ पासून अधिक १२ डेसिबलपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या डेसिबलच्या टप्प्यांनी सरकतो. यामाहामध्ये ही मर्यादा दोन्ही बाजूंना १० डेसिबलची आहे. समजा गेन इतका वर आहे की सोफ्यावर सबवूफरचा आवाज ९० डेसिबल भरतो. तो ७५ वर आणायला १५ डेसिबल कमी करावे लागतील, पण रिसीव्हरला १२ पेक्षा जास्त कमी करताच येत नाहीत, त्यामुळे सबवूफर तीन डेसिबलने वरचढच राहतो. यादीत उणे १२.० असा नीटनेटका आकडा दिसतो आणि आपल्याला वाटते की जमले. म्हणून हे पक्के लक्षात ठेवावे की उणे १२.० दिसणे म्हणजे रिसीव्हर मर्यादेच्या टोकाला जाऊन थांबला आहे. खरी गरज उणे १२ ची होती की उणे १८ ची, हे त्या आकड्यावरून कळत नाही. अधिक १२.० दिसले तरी तेच, फक्त उलट दिशेने.

मग ट्रिम कुठे यावा? माझ्या मते उणे ३ ते उणे ९ यांच्या दरम्यान आलेला ट्रिम उत्तम. तो शून्याच्या खाली असावा, कारण ट्रिम अधिकमध्ये गेला की रिसीव्हरच्या सबवूफर आउटपुटवर ताण येतो, आणि मोठ्या आवाजातल्या स्फोटांच्या वेळी तो संदेश सबवूफरपर्यंत पोचण्याआधीच फाटू शकतो. ट्रिम फार खाली असूनही चालत नाही. अशा वेळी सबवूफरकडे जाणारा संदेश इतका क्षीण असतो की हळू आवाजात चित्रपट पाहताना सबवूफरची आपोआप चालू होणारी यंत्रणा जागीच होत नाही. शिवाय नंतर चवीनुसार बास थोडा वाढवावासा वाटतोच, आणि ट्रिम उणे ६ च्या आसपास असला तर शून्य ओलांडण्याआधी वर जायला जागा उरते.

मायक्रोफोन काढण्याआधी

पातळीचा विचार जागेपासून सुरू होतो. बंद खोलीत खर्जाचे काही ठरावीक सूर भिंतींमध्ये अडकून फुगतात, आणि हे सूर कोणते ते खोलीच्या मापांवरून काढता येते. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागले, की त्या लांबीचा सर्वांत खालचा फुगणारा सूर मिळतो. पंधरा फूट, म्हणजे साधारण ४.५७ मीटर लांबीच्या हॉलमध्ये तो ३७ ते ३८ हर्ट्झवर येतो. दहा फूट रुंदीसाठी ५६ हर्ट्झच्या आसपास. चित्रपटातले गडगडाट आणि संगीतातला खर्ज नेमका याच पट्ट्यात असतो. आपल्याकडच्या इमारतींना आरसीसीचा सांगाडा, विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंती आणि वर-खाली स्लॅब असतो. अमेरिकेतल्या घरांमधल्या पोकळ जिप्सम भिंती खर्जाची काही ऊर्जा कंप पावून जिरवतात किंवा बाहेर सोडतात, तशी आपल्या भिंती सोडत नाहीत. त्यामुळे परदेशी पुस्तिका वाचून 'कोपऱ्यात ठेवा' हा सल्ला डोळे मिटून पाळला, तर मुंबई-पुण्याच्या हॉलमध्ये तोच सबवूफर एका सुरावर भसाभसा घुमतो.

जागा शोधण्याची जुनी आणि खात्रीची पद्धत अशी: सबवूफर तात्पुरता सोफ्यावर, तुमच्या बसण्याच्या जागीच ठेवावा, खर्ज चालता-फिरता असलेले एखादे गाणे सतत लावून ठेवावे, आणि जिथे जिथे सबवूफर ठेवणे प्रत्यक्षात शक्य आहे अशा जागी गुडघ्यांवर बसून, कान जमिनीजवळ नेऊन ऐकावे. जिथे प्रत्येक सूर सारखा भरीव वाटतो आणि एखादाच सूर उसळी मारत नाही, ती जागा चांगली. घरातली माणसे हसतील, पण या अर्ध्या तासाने जे साधते ते पुढे कोणत्याही फिल्टरने साधत नाही. सोफा भिंतीला टेकलेला असेल, आणि आपल्याकडे तो बहुधा असतोच, तर तो शक्य तितका पुढे ओढावा. भिंतीलगत खर्जाचा दाब सर्वाधिक असतो आणि तिथे केलेली मोजणी फसवी येते.

जागा ठरली की सबवूफरची पाठ आपल्याकडे वळवून एकेक नॉब पाहावा. रिसीव्हरच्या सबवूफर आउटपुटमधून येणारी एक आरसीए केबल सबवूफरच्या एलएफई (चित्रपटातल्या खर्जाची स्वतंत्र वाहिनी) असे लिहिलेल्या इनपुटला लावावी. लो-पास किंवा क्रॉसओव्हर असा नॉब असेल तर तो पूर्ण वरच्या टोकाला न्यावा. बायपास असा खटका असल्यास त्याहून उत्तम. कोणता सूर सबवूफरने वाजवायचा आणि कोणता स्पीकरांनी, ही वाटणी रिसीव्हर करतो. सबवूफरनेही स्वतःची ८० हर्ट्झची गाळणी लावली, तर दोन गाळण्या एकापुढे एक बसतात, आवाज ८० च्या आसपास खड्ड्यात जातो आणि त्याची वेळही मागेपुढे होते. फेजचा नॉब शून्यावर ठेवावा. ऑटो-ऑनचा खटका मोजणीपुरता तरी 'ऑन' वर ठेवावा, नाहीतर मोजणी चालू असताना सबवूफर झोपला तर रिसीव्हर सबवूफर सापडला नाही असे सांगेल. सबवूफरमध्ये मूव्ही, म्युझिक, नाइट असे तयार पर्याय असतील तर त्यांतला साधा, काहीही न वाढवणारा पर्याय निवडावा आणि मोजणीनंतर तो बदलू नये. गेन नॉब सुरुवातीला घड्याळात दहा-अकरा वाजले असता तास-काटा जिथे असतो तिथे ठेवावा.

मायक्रोफोन आणि शांतता

मायक्रोफोनच्या तळाशी कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडला बसणारे आटे असतात. साधा स्वस्त ट्रायपॉड घ्यावा आणि मायक्रोफोन बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, टोक छताकडे करून उभा करावा. रिसीव्हरसोबत कधीकधी पुठ्ठ्याचा स्टँड मिळतो, तोही चालतो. मायक्रोफोन उशीवर टेकवणे, सोफ्याच्या पाठीवर ठेवणे किंवा हातात धरून बसणे हे तिन्ही टाळावे, कारण जवळचा गादीचा भाग उच्च सूर शोषतो आणि हाताची हालचाल खर्जाच्या मोजणीत मिसळते.

पहिली मोजणी नेहमी मुख्य बैठकीच्या जागी करावी, कारण स्पीकरांची पातळी आणि अंतरे त्या पहिल्या जागेवरूनच ठरतात. पुढच्या जागा त्या जागेच्या आजूबाजूला, साधारण अर्धा-पाऊण मीटर अंतराने, थोड्या पुढे, थोड्या डावी-उजवीकडे घ्याव्यात. ऑडिसीच्या वरच्या आवृत्तीत आठ जागा मोजता येतात, साध्या आवृत्तीत सहा. मिळतील तेवढ्या सगळ्या मोजाव्यात. मात्र हॉलच्या कोपऱ्यातल्या खुर्चीपर्यंत जाऊ नये. तिथे कधीतरीच बसणाऱ्या पाहुण्याच्या सोयीसाठी आपल्या रोजच्या जागेचा हिशेब बिघडवण्यात अर्थ नाही.

छताचा पंखा, एसी आणि कूलर बंद करावेत, बाल्कनीचे दार लावावे, आणि शक्य असेल तर फ्रीजही तेवढ्यापुरता बंद ठेवावा. पंख्याची घरघर आपल्या कानाला फारशी जाणवत नाही, पण तिचा बराच भाग खर्जात असतो आणि सबवूफरच्या मोजणीला सर्वाधिक त्रास तोच देतो. सूर वाजत असताना शेजारच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तर ती जागा पुन्हा मोजावी. रिसीव्हर तशी सोय देतो. मोजणीच्या वेळी खोलीत कोणी असलेच तर त्याने स्पीकर आणि मायक्रोफोन यांच्या मधून फिरू नये.

पंचाहत्तरचा पडदा

दोन सबवूफर आउटपुटांना वेगवेगळे हाताळणाऱ्या डेनॉन-मॅरँट्झ रिसीव्हरांत मोजणीच्या सुरुवातीलाच सबवूफरची पातळी जुळवण्याचा एक पडदा येतो. त्यावर सबवूफरचा सूर सतत वाजत राहतो आणि मायक्रोफोनला मिळणारी पातळी आकड्यात दिसते. रिसीव्हर ७५ डेसिबलची अपेक्षा करतो आणि ७२ ते ७८ मधला आकडा मान्य करतो. इथेच गेन नॉबचे खरे काम असते.

समजा, दहा बाय पंधरा फुटांच्या हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला बारा इंची सबवूफर आहे आणि नॉब एक वाजण्याच्या जागी आहे. पडदा ८४ दाखवतो. एका हाताने नॉब अगदी थोडा, काट्याच्या पाच-दहा मिनिटांइतका मागे घ्यावा आणि मग हात काढून तीन-चार सेकंद थांबावे, कारण पडद्यावरचा आकडा नॉबच्या मागून येतो. थांबले नाही तर आपण आकड्याचा पाठलाग करत राहतो आणि नॉब गरजेपेक्षा खूप खाली जातो. आकडा ८१ वर आला, आणखी थोडे, मग ७८, ७७. खर्जाचा सूर स्थिर नसल्यामुळे आकडा एक-दीड डेसिबल वर-खाली होतच राहतो. तो कोणत्या आकड्याभोवती घोटाळतो आहे तेवढे पाहावे. तो ७७-७८ च्या भोवती असेल तर थांबावे. नेमक्या ७५ ऐवजी वरच्या बाजूला थांबण्याचा माझा आग्रह एवढ्याचसाठी, की मग शेवटी येणारा ट्रिम सहसा उणेमध्ये येतो. आता नॉबच्या टोकाशी पेन्सिलीने किंवा बारीक चिकटपट्टीने खूण करावी. सबवूफर पुसताना कोणाचा तरी हात लागून नॉब फिरला, तर सगळी मोजणी वाया जाते, आणि ही खूण ती वाचवते.

सबवूफर दोन असतील तर पडदा एकेक करून दोघांची पातळी विचारतो. दोघांनाही एकाच आकड्यावर आणावे, एक ७६ आणि दुसरा ७९ असे सोडू नये. एक सबवूफर बैठकीच्या जवळ आणि दुसरा लांब असेल तर लांबच्याचा नॉब जास्त फिरवावा लागेल. त्यात वावगे काही नाही, पण लांबचा सबवूफर लहान असेल तर त्याच्यावर ताण येतो, म्हणून शक्यतो एकाच प्रकारचे दोन सबवूफर घ्यावेत आणि दोघे बैठकीपासून सारख्या अंतरावर ठेवावेत. पुढची सगळी मोजणी दोघांना एकत्र वाजवूनच होते. दोन सारखे सबवूफर एकत्र वाजले की एकट्यापेक्षा पातळी तीन ते सहा डेसिबलने वाढते, त्यामुळे दोन असताना ट्रिम आपोआप अधिक खाली येतो. म्हणून दोन सबवूफर असतील तर प्रत्येकाला ७५ वर ठेवले तरी पुरते. रिसीव्हरला एकच आउटपुट असेल आणि वाय आकाराच्या केबलने दोन सबवूफर जोडले असतील, तर रिसीव्हरला ते एकच सबवूफर वाटतात. अशा वेळी जोडणीआधीच दोघांचे गेन एकेकटे वाजवून जुळवून घ्यावेत.

तुमच्या रिसीव्हरमध्ये असा पडदा नसेल तर काम थोडे लांबते. मोजणीच्या किमान जागा पूर्ण करून निकाल पाहावा, सबवूफरचा ट्रिम हव्या त्या पट्ट्यात नसेल तर गेन बदलावा आणि पुन्हा मोजावे. उणे १२ आले तर गेन बराच खाली घ्यावा. अधिकमध्ये आले तर थोडा वर. दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीत ते जमतेच, आणि जमल्यावरच सगळ्या जागांची पूर्ण मोजणी करावी.

निकालाची यादी वाचताना

मोजणी संपल्यावर रिसीव्हर जे काही ठरवतो ते तपशीलात वाचावे. आधी सबवूफरचा ट्रिम पाहावा. त्यानंतर अंतर पाहावे, आणि इथे नवखा माणूस हमखास गोंधळतो. सबवूफर फुटपट्टीने मोजून अकरा फुटांवर असतो आणि रिसीव्हर अठरा फूट दाखवतो. हा दोष नाही. सबवूफरच्या आतली इलेक्ट्रॉनिक्स संदेशाला काही मिलिसेकंद उशीर लावते, आणि रिसीव्हर तो उशीर अंतराच्या भाषेत मांडतो. एक फूट म्हणजे सुमारे ०.९ मिलिसेकंद, त्यामुळे सात जादा फूट म्हणजे सहा-एक मिलिसेकंदांचा उशीर. हा आकडा 'दुरुस्त' करून अकरा केला, तर सबवूफर आणि पुढचे स्पीकर यांची वेळ चुकते. ८० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४.३ मीटर, म्हणजे चौदा फूट असते; सात फुटांची चूक म्हणजे नेमकी अर्धी लहर, आणि अर्ध्या लहरीने मागे पडलेला सबवूफर स्पीकरांना साथ देण्याऐवजी त्यांचा आवाज खातो.

मग स्पीकरांचा आकार पाहावा. पुढचे स्पीकर जरा मोठे असले की रिसीव्हर त्यांना 'लार्ज' ठरवतो, म्हणजे त्यांचा खर्ज सबवूफरकडे पाठवतच नाही. ते बदलून 'स्मॉल' करावे आणि क्रॉसओव्हर, म्हणजे स्पीकर आणि सबवूफर यांच्यातल्या वाटणीची सीमा, ८० हर्ट्झ ठेवावा. चित्रपटाच्या आवाजाचा दर्जा ठरवणाऱ्या टीएचएक्सने फार पूर्वीपासून ८० हर्ट्झ हाच आकडा धरला आहे, कारण त्याखालचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला सहजी ओळखता येत नाही आणि त्यामुळे सबवूफर कुठे ठेवला आहे ते लपते. रिसीव्हरने एखाद्या छोट्या स्पीकरला ११० किंवा १२० हर्ट्झ दिले असतील, तर ते कमी करून ८० करू नये. त्या सुराखाली ऑडिसीने त्या स्पीकरची दुरुस्तीच केलेली नसते. वर नेण्यास मात्र हरकत नाही. सबवूफर मोड 'एलएफई' ठेवावा, 'एलएफई अधिक मेन' नाही. त्या दुसऱ्या पर्यायात तोच खर्ज स्पीकर आणि सबवूफर दोघांकडून येतो, आणि पातळी जुळवण्याच्या सगळ्या कष्टांवर पाणी पडते. एलएफईची गाळणी १२० हर्ट्झवर आणि एलएफईची पातळी शून्यावर राहू द्यावी.

या टप्प्यावर पुष्कळ जण फोनवर आवाज मोजण्याचे ॲप उघडतात आणि रिसीव्हरच्या स्पीकर लेव्हल यादीतला चाचणीचा घरघराट वाजवून ऑडिसीचे आकडे तपासू पाहतात. हे करू नये. त्या यादीतला घरघराट ऑडिसीच्या फिल्टरमधून जातच नाही, त्यामुळे जे मोजले जाते ते दुरुस्तीच्या आधीचे असते. शिवाय फोनचा मायक्रोफोन माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो. चाळीस हर्ट्झच्या आवाजाबद्दल त्याचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही. खरोखरच पडताळायचे असेल तर मिनीडीएसपीचा यूमिक-१ हा यूएसबी मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर वापरून खोलीचा आलेख काढावा. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे आणि सुरुवातीलाच त्यात पडण्याची गरज नाही.

बास कमी का वाटतो

सगळे नीट केले आणि तरी पहिल्याच संध्याकाळी वाटते की बास गेला. याची दोन कारणे आहेत. एक, आधीचा फुगलेला सूर आता दाबला गेला आहे आणि कानाला त्या फुगवट्याची सवय होती. या कारणासाठी काहीही करू नये. चार-आठ दिवस तसेच ऐकावे. दुसरे कारण खरे आहे आणि ते माणसाच्या कानात आहे. १९३३ साली हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी मोजून दाखवले की आवाज जसा हळू होतो तसा खर्ज इतर सुरांच्या मानाने फार लवकर विरतो. चित्रपटाचे मिश्रण ज्या पातळीवर ऐकून केलेले असते ती रिसीव्हरच्या आवाजपट्टीवर शून्य धरली जाते. त्या पातळीला एका स्पीकरची शिखरे १०५ डेसिबलपर्यंत आणि एलएफई वाहिनीची ११५ पर्यंत जातात. सदनिकेत आपण उणे २५ किंवा उणे ३० वर ऐकतो. तिथे सपाट जुळवलेला खर्ज कानाला पोकळ वाटणारच.

ऑडिसीचे डायनॅमिक ईक्यू याचसाठी आहे. आवाज जितका हळू तितका तो खर्ज भरून काढतो. ते चालू ठेवावे. संगीत किंवा दूरचित्रवाणीचे कार्यक्रम चित्रपटाइतक्या हळू पातळीवर मिसळलेले नसतात, त्यामुळे ते चालू असताना खर्ज फाजील वाटू शकतो. त्यासाठी रेफरन्स लेव्हल ऑफसेट नावाची सोय आहे. चित्रपटांना शून्य, दूरचित्रवाणीला १०, आणि सतत मोठ्याने मिसळलेल्या गाण्यांना १५ ठेवून पाहावे. शास्त्रीय संगीताला ५ बरे पडते.

त्यानंतरही बास हवासा वाटला तर सबवूफरचा ट्रिम दोन डेसिबलने वाढवावा आणि काही दिवस ऐकावे. मग वाटल्यास आणखी एक. डायनॅमिक ईक्यू चालू असताना तीन-चार डेसिबलच्या वर जाण्याची गरज क्वचित पडते. बंद असेल तर सहापर्यंत जावेसे वाटू शकते. ही वाढ सबवूफरच्या नॉबने न करता ट्रिमने करावी, कारण ट्रिमला आकडा असतो, तो लिहून ठेवता येतो आणि मनात आले की हुबेहूब परत आणता येतो. वाढवता वाढवता ट्रिम शून्याच्या वर जाऊ लागला, तरच गेन किंचित वाढवून ट्रिम तेवढाच खाली घ्यावा.

पातळी योग्य आहे का हे ठरवताना केवळ स्फोट ऐकू नयेत. स्फोट मोठा असला की सगळ्यांनाच बरा वाटतो. तबल्याचे चांगले ध्वनिमुद्रण लावावे आणि डग्ग्यावर तळहात घासत वादक खर्ज वर-खाली नेतो तिथे लक्ष द्यावे. घुमार एकसंध सरकत गेली पाहिजे. मधल्याच एका सुरावर ती एकदम फुगली किंवा एका ठिकाणी गडप झाली, तर तो पातळीचा दोष नाही, खोलीचा आहे. ट्रिम कितीही हलवला तरी जाणार नाही. फुगणारा सूर ऑडिसी बऱ्यापैकी दाबते, पण गडप होणारा सूर कोणतीही प्रणाली भरू शकत नाही, कारण तिथे भिंतीवरून परतलेली लहर मूळ लहरीला खोडत असते आणि जितका जोर द्यावा तितकेच खोडले जाते. अशा वेळी सबवूफर किंवा सोफा एक-दोन फूट सरकवून पुन्हा मोजावे. पुरुषाचा बोलण्याचा आवाज छातीतून आल्यासारखा जड वाटत असेल तर आधी क्रॉसओव्हर तपासावा. आणि आवाज नेमका सबवूफरच्या दिशेने येतो असे जाणवत असेल, तर तो बहुधा वरचढ आहे किंवा क्रॉसओव्हर फार वर आहे.

डिराक लाइव्ह वापरणाऱ्यांना एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. तिथे मोजणीआधी प्रत्येक स्पीकरची पातळी सॉफ्टवेअरच्या पडद्यावर हाताने जुळवावी लागते, आणि खर्ज किती वर ठेवायचा हे नंतर ट्रिमने ठरवण्याऐवजी टार्गेट कर्व्ह नावाच्या रेषेनेच ठरवता येते. गेन नॉब मात्र तिथेही आधीच योग्य जागी असावा लागतो.

रात्रीचे ऐकणे हा सदनिकेतला वेगळा प्रश्न आहे. खर्ज स्लॅबमधून खालच्या-वरच्या घरात सहज जातो, आणि सबवूफरखाली ठेवलेली रबरी किंवा फोमची गादी जमिनीतून जाणारी थरथर कमी करते, हवेतून जाणारा आवाज नाही. रात्री दहानंतर ट्रिम चार-पाच डेसिबलने उतरवावा, किंवा हळू आणि मोठ्या आवाजांतला फरक कमी करणारा डायनॅमिक व्हॉल्यूम चालू करावा. काही वरच्या मॉडेलांमध्ये ऑडिसीची एलएफसी ही सोय असते, जी भिंतीपलीकडे जाणारा खर्ज मुद्दाम आवरते. ती असेल तर वापरावी. सकाळी ट्रिम मूळ आकड्यावर आणता यावा म्हणून सबवूफरचा ट्रिम, अंतर, प्रत्येक स्पीकरचा क्रॉसओव्हर आणि गेन नॉबची जागा हे सगळे एका कागदावर लिहून रिसीव्हरजवळ ठेवावे.

सबवूफर हलवला, सोफा दुसऱ्या भिंतीला गेला, जाड पडदे किंवा मोठा गालिचा आला, फॉल्स सीलिंग झाले, तर मोजणी पुन्हा करावी लागते. केवळ टीव्ही बदलला किंवा एखादी खुर्ची वाढली तर गरज नाही. पुन्हा मोजताना आधी ट्रिममध्ये केलेली वाढ कागदावर टिपून ठेवावी, कारण नवी मोजणी ती पुसून टाकते आणि निकाल आल्यावर ती नव्या आकड्यात परत मिळवावी लागते.